मेढीचा बुडखा

पहार जमिनीत घुसली आणि अडली. ती उचकटायला मी दोन्ही हातांनी जोर लावला, तर डाव्या मनगटातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढं अंधार आला. तरी हात सोडला नाही. समोर बुडखा होता, गुडघ्याएवढा उंच, मांडीएवढा जाड, आणि त्याच्या अंगाला सात-आठ कोवळे धुमारे फुटले होते. एकेका देठाला तीन तीन पानं. अशी तुकतुकीत, अशी लोभस, की दुसऱ्या कुणाला माया आली असती. माझ्या अंगाची आग झाली.

"शालन, घरात ये आता," आई उंबऱ्यातून म्हणाली. "तीनच्या गाडीनं पावणं यायचं. अशी मातीनं भरलेली दिसू नगंस."

"दिसू दे. भरलेलीच दिसीन."

पावणं म्हणजे माझे थोरले दीर, ज्ञानदेव. मला न्यायला येणार होते. आबांनीच डेअरीच्या गाडीवाल्याकडून निरोप धाडला होता, की पोरीचा हात बरा झालाय, येऊन घेऊन जावा. आबा सकाळी कामावर गेले होते आणि दुपारच्या भाकरीला यायचे होते. ते यायच्या आत मला तो बुडखा मुळासकट बाहेर पाहिजे होता, कारण मला परत धाडायचं त्या बुडख्यानं ठरवलं होतं.

कसं ते सांगते. आमच्या गारगोटीच्या बाजूला लग्नाच्या मांडवाची पहिली मेढ उंबराची रोवतात. हळदकुंकू लावायचं, आंब्याचे डहाळे बांधायचे, आणि मांडव उतरला की ती उपटून ओढ्याच्या पाण्यात सोडून द्यायची. माझ्या लग्नात आबांनी पांगाऱ्याची मेढ आणली. सरळ उंबर गावला नाही, म्हणाले. त्यांनी स्वतः बसून कोयत्यानं तिचे काटे तासले आणि अंगणातल्या फुलझाडांच्या वाफ्याच्या कडेला, शेवंतीच्या ओळीशेजारी, ती रोवली. लग्न झालं, मांडव उतरला, मेढ तेवढी राहिली. उद्या काढू, परवा काढू म्हणत आबांनी ती काढलीच नाही, आणि पंधरा-वीस दिवसांनी तिला पान फुटलं.

सगळा गाव बघायला लोटला म्हणतात. मेढ रुजली म्हणजे संसार रुजला. बायकांनी तिला कुंकू लावलं, ओटी भरली. आईचा गळा गोड. गावात कुठंही हळद असली की पहिल्या ओवीला तिलाच बसवायचे. तिनं त्याच दिवशी ओवी बांधली:

मांडवाची मेढ बाई, मेढीला फुटे पान
माझ्या लेकीच्या संसाराला देवाजीचं वरदान

ही ओवी गावातल्या प्रत्येक हळदीला म्हटली जाऊ लागली, मग शेजारच्या गावांतल्याही. जात्यावर, मांडवात, बारशाला, कुठंही. त्या वेळी मी सासरी बाहेरून कुलूप लावलेल्या घरात बसलेली असायची.

मोहन, माझा नवरा, डेअरीत कामाला होता. सासू आणि दीर शेजारच्या घरात, आम्ही दोघंच वेगळे राहायचो. पहाटे जाताना कुलूप लावायचा, दुपारी येऊन काढायचा. काढल्यावर पहिला सवाल, खिडकीशी कोण आलतं. कुणी आलं नव्हतं असं सांगितलं तरी मार, आणि गप्प बसले तरी मार. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला मी माहेरी आले ती परत जायचं नाही असं ठरवूनच. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझा हात धरून मला मेढीपाशी घेऊन गेले. तिला हातभर फांद्या फुटल्या होत्या. "हे जित्तं हाय, बघ," म्हणाले. "देवानं खूण दिलीया. थोडं सोस." दुसऱ्या दिवशी गुलाबाची दोन रोपं माझ्या पिशवीत घालून त्यांनी मला एसटीत बसवलं. ती रोपं सासूला द्यायची होती.

त्यानंतर पुन्हा एकदा तसंच. झाड तोवर डोक्याच्या वर गेलेलं.

तिसऱ्या वर्षी संक्रांतीला आले ती मोडलेलं मनगट गळ्यात बांधून. दाराच्या कडीवर हात ठेवून त्यानं तो मोडला होता. त्या खेपेला आबा मला झाडापाशी न्यायला उठले, तेव्हा मी जागची हलले नाही. माघ सरता सरता प्लास्टर निघालं. पांगारा तेव्हा ऐन फुलात होता. एक पान नाही, नुसता लालभडक. शेजारणी म्हणाल्या, बघ गं, नवरीसारखं नटलंय. मी करवत घेतली. पांगाऱ्याचं लाकूड मऊ असतं, तरी एका हातानं कापायला मला दुपार झाली. आबा फाटकातून आत आले, आडवं पडलेलं झाड बघितलं, टोपी काढली आणि तिथंच खाली बसले. गल्लीत चर्चा झाली की शालनीनं आपलं सौभाग्य आपल्या हातानं तोडलं.

शिमगा झाला आणि बुडख्याला धुमारे फुटले. बुडख्याला धुमारे फुटले तसं आबांच्या तोंडावर हसू फुटलं. भेटेल त्याला सांगायचे, तोडूनबी मरंना, म्हंजे बघा. आणि लगोलग निरोप गेला.

म्हणून त्या गुरुवारी सकाळपासून मी खणत होते. वरची माती निघाली होती, आडवी मुळं कोयत्यानं तोडली होती. खालची मुळं मात्र कुठवर गेली होती कोण जाणे. आई दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा आली ती वाफ्याच्या कडेला बसलीच.

"वर तोडलंस ते तोडलंस. मुळाला हात लावू नगंस, बाई."

मी म्हणाले, तुझी ओवी चुकलीया, आई. तिच्या तोंडावर मी हे पहिल्यांदाच बोलले. तिला ते मारल्यासारखं लागलं.

"ओवी देवाची असती," ती हळू म्हणाली. "मी नुसता गळा दिला."

"मग देवाला सांग, एक दिवस त्या कुलपात बसून बघ म्हनावं."

ती पदरानं तोंड पुसत तिथंच बसून राहिली.

आबा बाराच्या सुमाराला आले. सरकारी रोपवाटिकेत ते माळी होते, पंचवीस वर्षं. आंब्याची कलमं बांधण्यात त्यांच्यासारखा हात तालुक्यात नव्हता. सुकलेली काडी त्यांनी मातीत खोचली तरी ती जगते, असं लोक म्हणायचे, आणि आबांना ते ऐकायला आवडायचं. त्या दिवशी फाटकातून आत येताच त्यांनी खड्डा बघितला. मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. लगबगीनं आले आणि माझ्या हातातल्या पहारीला हात घातला.

"दे हिकडं. काडायचाच असंल तर मी काडतो. तू नगं खनूस. हिकडनं तर नगंच, रस्त्याच्या अंगानं खनाय पायजे."

"का?"

"हिकडं शेवंतीची मुळं हायत."

शेवंती केव्हाच वाळून गेली होती. मी त्यांच्याकडं बघितलं. पंचवीस वर्षं झाडं लावणारा माणूस वाळलेल्या शेवंतीच्या काळजीनं घामाघूम झाला होता. माझ्या डोक्यात काहीतरी हललं, पण ते काय हे कळेना. मी पहार ओढून घेतली.

"आबा, एक सांगा. रोपवाटिकेच्या कुंपनाला पांगारं कुनी लावल्यात?"

"मीच."

"किती?"

"आसतील शंभर-दीडशे."

"त्यातलं मेलं किती?"

ते खड्ड्याकडं बघू लागले.

"पावसाळ्याच्या तोंडाला पांगाऱ्याची फांदी मातीत खोचली की रुजतीय. शाळंतल्या पोरालाबी ठावं हाय. कुंपनाला रुजती तवा तुम्ही तिला खूण म्हनत न्हाई. माझ्या दारात रुजली तर देवानं दिली?"

"मांडवाची मेढ येगळी, शालन."

"लाकूड त्येच की."

आणि शेवंतीच्या अंगानं, त्यांनी नको म्हटलं होतं तिथंच, मी पहार घातली. हातभर आत गेली आणि फुटल्याचा आवाज आला. दगडाचा नव्हता तो. मी गुडघ्यावर बसून हातानं माती उकरू लागले. आबा मागं सरकले, एक पाऊल, मग आणखी एक.

आधी एक चपटी कौलाची खापरी निघाली, झाकणासारखी. तिच्याखाली मडक्याचा गळा. मडकं लहान होतं, कच्च्या भाजणीचं, आणि पांगाऱ्याच्या मुळांनी ते चारी बाजूंनी कवळलं होतं, बाळानं आईचा स्तन धरावा तसं. पहारीनं त्याची एक बाजू फुटली होती. आत अजून चिखल होता.

असली मडकी मी लहानपणापासून बघत आले होते. आबा आंब्याच्या प्रत्येक नव्या कलमाशेजारी एक पुरतात. तोंडाशी माती, वर झाकण, तीन दिवसांनी एकदा भरायचं. पाणी पाझरत राहतं, मूळ पाण्याच्या वासानं येतं, आणि कलम कधी दगा देत नाही.

आई पुढं आली. तिनं मडक्याच्या गळ्यावरची माती अंगठ्यानं पुसली. खाली चुन्याचा पट्टा होता आणि त्याला लागून गेरूचे ठिपके. पुसट, पण दिसत होते.

"हे लग्नातलं हाय," ती म्हणाली.

लग्नाला कुंभाराकडून रंगवलेली पाच मडकी येतात. माझ्या लग्नात चारच भरली. आईनं भर मांडवात कुंभारणीला, गंगूबाईला, चोर म्हटलं होतं. त्या बाईनं देवाची शपथ घेऊन सांगितलं की पाच दिलीत. तीन वर्षं दोघी एका पाणवठ्यावर पाणी भरत होत्या आणि एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या.

आईनं मान वर करून आबांकडं बघितलं. मीही बघितलं. उन्हात ते टोपी हातात धरून उभे होते.

मी विचारलं, "आबा, उंबर गावला न्हवता?"

समोरच्या रस्त्यावरून एक बैलगाडी आली आणि गेली.

"गावला हुता," ते म्हणाले. "पर उंबर रुजंलच असं न्हाई."

मग त्यांनी सांगितलं. उभ्या उभ्याच, पायांकडं बघत. लग्नाच्या आठ दिवस आधी मोहनच्या गावचा एक माणूस कलमं न्यायला आला होता. बोलता बोलता म्हणाला, पोराचा हात लई लवकर उठतो, धाकट्या बहिणीला मारून तिचा दात पाडलाय, बघा बाबा. पत्रिका वाटून झाल्या होत्या. तांदूळ निवडून झाले होते. सोयरीक मोडली असती तर पोरीलाच नाव ठेवलं असतं लोकांनी. दोन रात्री त्यांना झोप नव्हती. मग मनाशी बोलले, मेढ रुजली तर देवाची मर्जी.

"आनि रुजली नसती तर?"

"तसं व्हायला नगं, म्हनून तर मडकं पुरलं."

माझी कानशिलं तापली. दसऱ्याला ह्याच वाफ्यापाशी माझा हात धरून ते उभे होते. पायाखाली हातभर अंतरावर हे मडकं होतं, कदाचित त्याच सकाळी भरलेलं.

"आनि मग खूण खूण म्हनून सांगत सुटलासा," मी म्हणाले. "मला. आईला. गावाला."

"पानं फुटली गं," आबा म्हणाले. "पानं फुटल्यावर मलाबी खरं वाटाय लागलं."

खोटं बोलत नव्हते ते. ह्याचाच मला जास्त राग आला. आज त्या गोष्टीला तीस वर्षं होऊन गेली. ते सहज खोटं बोलले असते तर मी कधीतरी माफ केलं असतं.

आई उठली. मडक्याची खापरं तिनं पदरात घेतली आणि घरात गेली. मला वाटलं आत रडत बसेल. ती बाहेर आली ती कुऱ्हाड घेऊन. डोक्यावरचा पदर खांद्यावर पडला होता, तो तिनं सारखा केला नाही. आबांच्या समोर असं मी तिला कधी बघितलं नव्हतं. खड्ड्यात उतरली आणि तिनं मधल्या जाड मुळावर घाव घातला. सुईणीच्या हातासारखा सराईत घाव. "धर," मला म्हणाली. मी पहार खाली घालून दाबून धरली, तिनं घाव घातले. आबा पुढं आले तर तिनं वर न बघता म्हटलं, तिकडं बसा. ते कट्ट्यावर जाऊन बसले.

दुपार उलटता उलटता मूळ तुटलं. दोघींनी मिळून बुडखा खड्ड्याबाहेर आडवा केला, धुमाऱ्यांसकट. तेवढ्यात खाली फाट्यावर एसटीचा हॉर्न ऐकू आला.

मी आबांना म्हणाले, "आता तुम्हीच सांगायचं. मी एक शब्द बोलनार न्हाई, आईबी बोलनार न्हाई. तुम्ही दिलीसा, तुम्हीच बोलायचं."

ज्ञानदेव दीर आले. स्वभावानं वाईट नव्हते ते. मोहननं मारलं की दाराबाहेरून खाकरायचे, आत मात्र कधी आले नाहीत. कट्ट्यावर बसले, गुळाचा खडा तोंडात टाकून पाणी प्याले. उसाचं, पाण्याचं, त्यांच्या म्हशीचं बोलून झालं. मग घड्याळ बघून म्हणाले, साडेचारची गाडी धरायची हाय, शालनला आटपा म्हनावं. मोहनचं जेवनाचं लई हाल हायत.

आबांनी घसा साफ केला.

"पावणं, आधी एक सांगायचं हाय. ती मेढ... ती देवानं न्हवती रुजवली. मी रुजवली हुती. मडकं पुरून."

दीर त्यांच्याकडं बघतच राहिले. "कसली मेढ?"

"लग्नाची. मांडवाची. ती रुजली हुती न्हवं का, अंगनात."

"आसंल," दीर म्हणाले. त्यांनी खड्ड्याकडं आणि त्याच्या कडेला पडलेल्या बुडख्याकडं बघितलं. "आंबा लावताय जनू इथं?"

त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांच्या घरात त्या झाडाचं नावसुद्धा कधी कुणी काढलं नव्हतं. मोहनला नाही, सासूला नाही, कुणालाच त्या मेढीची गरज नव्हती. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. आई चुलीपाशी होती, पण तिनं आवाज करायचं थांबवलं होतं. त्या झाडानं मला जिथं परत धाडलं तिथल्या एकालाही ते माहीत नव्हतं. तीन वर्षं त्याला पूजणारी माणसं ह्या अंगणातली होती, ह्या गावातली.

"मग आटपा," दीर म्हणाले.

आबांच्या हाताला टेकायला काही उरलं नव्हतं. शकुन नाही, देव नाही, झाड नाही. बोट फिरवत राहिले टोपीच्या काठावर.

"ती येनार न्हाई," ते म्हणाले.

"का? बरी दिसतीया की."

"मी नगं म्हनतोय."

"आवं पन घरात काय सांगू मी? काय कारन?"

"कारन तिचा हात हाय," आबा म्हणाले. "आनि तुमच्या धाकट्या भनीचा दात."

दिरांच्या तोंडावरचा रंग उतरला. हळूच विचारलं त्यांनी, हे तुम्हाला कुणी सांगितलं. आबांनी सांगितलं, लग्नाच्या आठ दिवस आधीच कळलं होतं.

दीर उठले. चपला पायात सरकवल्या. पायरीवर थांबले आणि मागं वळून बघितलं.

"ठावं हुतं आनि दिलीसा?" ते म्हणाले. "मग आमास्नी कशाला काय म्हनताय?"

आबांनी मान हलवली. "व्हय," एवढंच म्हणाले. "दिली."

दीर गेले. आबा कट्ट्यावरच बसून राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्यानं विचारलं, खड्डा कसला, तरी उत्तर दिलं नाही. आई दिवस मावळायच्या आधी पदरात ती खापरं घेऊन कुंभारवाड्यात जाऊन आली. गंगूबाईशी काय बोलली ते तिनं सांगितलं नाही, आणि ती ओवी त्या दिवसानंतर तिच्या तोंडून मी ऐकली नाही. कुणाच्याही हळदीत.

दिवा लागल्यावर तिनं मला जेवायला हाक मारली. चुलीपाशी दोन ताटं मांडली होती, माझं आणि तिचं. आबांच्या आधी आई जेवायला बसलेली मी जन्मात पाहिली नव्हती. तिनं मला भाकरी वाढली, वांग्याचं कालवण वाढलं, स्वतःला वाढून घेतलं आणि पहिला घास तोंडात घातला. आबा आत आले, आपल्या पाटावर बसले. थोडा वेळ वाट बघितली. आईनं माझ्या ताटात दुसरी भाकरी टाकली.

शेवटी ते उठले. फळीवरचं ताट त्यांनी स्वतः काढलं, भाकरीची दुरडी शोधली, कालवणाचं भांडं पुढं ओढलं. एक घास खाल्ला. मग इकडंतिकडं बघत त्यांनी विचारलं, मीठ कुठं असतंय.

आम्हा दोघींपैकी कुणी मान वर केली नाही.